रक्तपेढीतले दोन प्रिंटर

प्रिंटर बिघडल्याचा फोन आला की देवरे आधी एकच विचारत, "कोण म्हणतं?"

पलीकडचा माणूस गोंधळे. "अहो, मी म्हणतोय ना!"

"तुम्ही म्हणताय ते ऐकलं. प्रिंटर काय म्हणतो? संगणक काय म्हणतो? तिघांचं एकमत आहे का?"

निम्म्या लोकांना ही थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती. देवऱ्यांची सगळी विद्या त्या प्रश्नात होती, आणि तिच्या जोरावर आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत पोट भरलं.

देवरे या श्रावणात गेले. दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाविषयी लिहा, असं मला सांगितलं गेलं तेव्हा ते होते. मी लिहायला बसले तेव्हा नव्हते. त्यामुळे हे लेखन माझ्या कामाविषयी असलं तरी बरंचसं त्यांच्याविषयीच होणार आहे. मला भरभर लिहिता येत नाही, आणि या वेळी तशी इच्छाही नाही.

आमचं ऑफिस नाशिकच्या द्वारका चौकाजवळ होतं, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर ट्रक लागायचे, वर आम्ही उघडलेल्या प्रिंटरांच्या गराड्यात बसलेलो असायचो. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं आणि मला कॉलेजात शिकवायचं होतं. तोवर तात्पुरती म्हणून इथं आले आणि राहिले. दुपारी काम नसलं की मी पुस्तक उघडायची. देवऱ्यांनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. उलट पुस्तक संपलं की विचारत, "कसं होतं? शेवट पटला का?"

ते सटाण्याकडचे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेले. गिऱ्हाइकाशी आणि माझ्याशी ते आपल्या सगळ्यांसारखं मराठी बोलत, पण झाकण उघडून एकदा मशीनपाशी वाकले की अहिराणी सुरू होई. "आते बोल भो, काय शे तुना मनमा?" बोल बाबा आता, काय आहे तुझ्या मनात?

मी एकदा म्हटलं, "देवरे, तो प्रिंटर जपानी आहे. त्याला अहिराणी कळते का?"

"कळत नसती दाणीबाई, तर एवढ्या वर्षांत एकानं तरी तक्रार केली असती."

आमच्या धंद्याविषयी थोडं सांगायला हवं. नव्वदच्या दशकात पतसंस्था, आडते, मोठे दवाखाने यांच्याकडं युनिक्स नावाच्या प्रणालीवर काम चाले. एक दणकट संगणक मधे, आणि त्याला जोडलेले पाच-सात पडदे. पुढं त्याच घराण्यातली लिनक्स आली. ती फुकट मिळायची आणि वर्षानुवर्षं न कुरकुरता चालायची, म्हणून आम्ही ती बऱ्याच ठिकाणी बसवली. या घराण्याची एक रीत आहे. तुम्ही 'छाप' म्हटलं की कागद थेट प्रिंटरकडं जात नाही. काम आधी रांगेत बसतं. रांग सांभाळणारा एक प्रोग्रॅम असतो. तो पाळी आली की काम पुढं सोडतो, मग ते केबलमधून प्रिंटरला पोचतं. म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो, रांगेत, वाटेत किंवा खुद्द प्रिंटरात. पडद्यावर मात्र तिन्हींचं दर्शन एकच असतं. कागद येत नाही.

देवरे उलट्या टोकापासून सुरू करत. आधी केबल काढून प्रिंटर एकटा करायचा आणि कागद सरकवायचं बटण दाबून धरत तो चालू करायचा. तो स्वतःच्या मनानं चाचणीचा कागद छापतो. छापला, की प्रिंटर निर्दोष सुटला. मग केबल लावायची आणि संगणकाला कुणी आल्याची जाणीव होते का ते बघायचं. झाली, की वाट निर्दोष. मग उरते ती रांग. "संशय घ्यायचा तो एकेकावर घ्यायचा," ते म्हणत. "सगळ्यांवर एकदम घेतला की कुणीच सापडत नाही."

चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याकडं प्रिंटर बंद पडला म्हणून आम्ही गेलो. आत कांद्याचं वाळकं सालपट अडकलं होतं. कांद्याच्या गावात ते सगळीकडं उडत असतं, ते सापडलं यात नवल नव्हतं. देवऱ्यांनी चिमट्यानं काढलं. चाचणीचा कागद सुरेख आला. पण संगणकावरून छापायला सांगितलं तर ढिम्म. व्यापारी म्हणाले, "मंग काय दुरुस्त केलं तुम्ही?" देवरे हसले. प्रिंटर अडला तेव्हा रांग स्वतःहून थांबली होती, आणि अशी थांबलेली रांग कुणी मुद्दाम 'चल' म्हटल्याशिवाय हलत नाही. त्यांनी 'चल' म्हटलं. तोवर व्यापाऱ्यांनी रागारागानं त्याच पावतीला कितीदा 'छाप' म्हटलं होतं कोण जाणे! ती सगळी कामं रांगेत निमूट बसून होती. प्रिंटर जो सुटला तो थांबेचना. कडेला भोकं असलेला सलग कागद टेबलावरून खाली, खालून कांद्याच्या गोण्यांवर.

"अहो थांबवा की त्याला!"

"तुम्हीच सांगितलंय त्याला शेठ. मी कोण थांबवणार?"

अशा हकिकती पुष्कळ आहेत. पण देवरे गेल्यावर मला वारंवार आठवते ती रक्तपेढीची.

ही रक्तपेढी एका धर्मादाय संस्थेची होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. जाडजूड, स्क्रूनं आवळायच्या केबली मागं पडून यूएसबीच्या चपट्या तोंडाच्या केबलीचे प्रिंटर आले होते. रक्तपेढीत आम्ही लिनक्सचा एक संगणक आणि त्याला दोन प्रिंटर बसवले होते. डावीकडं मोठा, तपासणीचे अहवाल छापणारा. उजवीकडं छोटा, लेबलांचा. रक्ताच्या पिशवीवर चिकटवायची लेबलं तो छापायचा. रक्तगट, पिशवीचा क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. संगणक कायम चालू असे. प्रिंटर संध्याकाळी बंद करत आणि सकाळी जी ऑपरेटर येई ती ते चालू करी. रात्रीचं तातडीचं काम वेगळ्या टेबलावर, हातानं चाले.

तक्रार विचित्र होती. काही सकाळी सगळं सुरळीत. काही सकाळी लेबलाचं काम मोठ्या प्रिंटरकडं जाई आणि अख्ख्या कागदावर अगम्य अक्षरं उमटत. त्याच वेळी अहवालाचं काम छोट्याकडं जाई आणि तो कोऱ्या लेबलांची भेंडोळी ओकत सुटे. मग लेबलं हातानं लिहायची. हातानं लिहिलेल्या लेबलावर दोघांनी पडताळून सह्या करायच्या. तोवर खिडकीशी थर्माकोलचा डबा घेतलेला कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा उभा.

तिथले मॅनेजर नेरकर साहेब. बँकेतून निवृत्त होऊन आलेले, काटेकोर. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही.

"देवरे, तुमचं मशीन ठीक आहे. आमचं माणूस ठीक नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! मालतीताई सकाळी असल्या की काही होत नाही. ही असली की होतं. मी नीट लक्ष ठेवून आहे."

मालतीताई तिथल्या जुन्या ऑपरेटर. 'ही' म्हणजे यमुना भोये. दाराशी उभी होती. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची मुलगी, नाशिकला वसतिगृहात राहून शिकलेली. आईवडील पावसाळ्यात भात-नागली करत आणि बाकीचे महिने द्राक्षबागांत मजुरीला येत. यमुनेची नेमणूक दिवाळीपर्यंतची होती. त्यानंतर कायम करायचं की घरी पाठवायचं ते नेरकर ठरवणार होते.

"सांग यांना, सकाळी काय करतेस ते."

"प्रिंटर चालू करते सर."

"आणखी?"

"आणखी काय नाय सर."

तिला बाहेर पाठवून नेरकर जरा मऊ आवाजात म्हणाले, "गरीब घरची आहे, मला दिसतंय. ही नोकरी गेली तर तिला इथली खोली सोडावी लागेल, तेही माहीत आहे. पण इथं लेबल चुकलं तर माणूस जातो. जिच्या हातावर माझा भरवसा नाही, तिला मी लेबलापाशी कसं बसवू?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी कुणीही तसाच विचार केला असता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

देवऱ्यांनी त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. "जेव्हा बिघडतं तेव्हाच बघायचं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनेची पाळी होती. आम्ही तिच्याआधी जाऊन नातेवाइकांच्या बाकावर बसलो. नेरकरही आले. यमुना आली, तिनं कुलूप काढलं, आम्हाला बघितलं आणि क्षणभर दारातच थांबली. मग आत गेली. मोठा प्रिंटर चालू केला, मग छोटा. चाचणीचं लेबल दिलं, लेबल आलं. अहवाल दिला, अहवाल आला.

"पाहिलंत?" नेरकर म्हणाले. "तुमच्यासमोर सगळं नीट. म्हणजे एरवी ती मुद्दाम काहीतरी करते."

यमुनेच्या हातात ते लेबल होतं. "मी मुद्दाम नाय करत सर," ती म्हणाली.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. आम्ही तिला मदत करायला आलो होतो आणि आमच्या येण्यानं तिच्याविरुद्धचा पुरावा पक्का झाला होता.

देवरे मात्र उठून टेबलाशी गेले. चष्मा पुसला. दोन्ही प्रिंटर बंद केले. पुटपुटले, "आते बोल भो." मग त्यांनी आधी छोटा चालू केला, थोडं थांबून मोठा. आणि मला म्हणाले, "दाणीबाई, एक लेबल द्या."

मी लेबल छापायला सांगितलं. मोठ्या प्रिंटरातून भला मोठा कागद आला. त्यावर तीच अगम्य अक्षरं.

हे का झालं ते सोप्या शब्दांत सांगते. जुन्या जाड केबलीच्या काळात संगणकाच्या पाठीवर प्रत्येक प्रिंटरची ठरलेली जागा असे. दारावर पाटी लावलेली खोलीच म्हणा. पाटी वाचून कागद आत टाकायचा. यूएसबीत तसं उरलं नाही. तिथं दवाखान्यातल्यासारखा नंबर मिळतो. जो आधी आला त्याला शून्य, जो नंतर आला त्याला एक. काल शून्य नंबर होता तो आज एक असू शकतो. आमच्या व्यवस्थेत मात्र 'अहवाल शून्य नंबरला, लेबलं एक नंबरला' असं बांधून टाकलेलं होतं. मोठा आधी चालू केला तर बरोबर. छोटा आधी चालू केला की सगळं उलटं.

नेरकर हुशार होते. त्यांना लगेच कळलं, आणि ते वळले ते पुन्हा यमुनेकडंच. "म्हणजे एरवी तू छोटा आधी लावतेस. आज आम्ही बघत होतो म्हणून मोठा आधी लावलास. खरं की नाही?"

तिनं मान हलवली. खरं.

"मग माहीत होतं तुला! तरी म्हणते काही नाही केलं."

देवऱ्यांच्या जागी मी असते तर तिची बाजू मांडायला गेले असते आणि सगळं बिघडवलं असतं. देवरे खाली बसले. टेबलाखालचं बुटकं स्टूल ओढून त्यावर असे बसले की यमुनेला त्यांच्याकडं बघायला मान वर करावी लागू नये. छोट्या प्रिंटरच्या कडेला, बटणाच्या वर, लाल ठिपक्याचा पुसट डाग होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे कुंकू तुझं का गं पोरी?"

नेरकर काही बोलणार तोच ती घाईनं म्हणाली, "उदबत्ती नाय लावत आता सर! तुम्ही नको म्हणाला तवापासून एकदाही नाय लावली. नुसतं कुंकू."

"मोठ्याला नाही लावलंस?"

"त्याला लावते, पण नंतर. पहिला मान ह्याचा."

"का?"

ती अवघडली. मग देवऱ्यांकडं बघत सांगू लागली. "आमच्याकडं नवं भात आलं की पहिला मान कणसरीला. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिला दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाय. इथं पिशवीवर नाव हाच लिहितो. तो चुकला तर माणूस जातो, सरच म्हणतात. म्हणून मी सकाळी आधी ह्याच्या पाया पडते आणि ह्यालाच पहिला चालू करते. मंग मोठा. आज तुम्ही सगळे होता... सर ओरडतील म्हणून मालतीताई करतात तसं केलं. ह्याच्यानं मशीन बिघडतं ते मला काय माहीत?"

नेरकरांनी घसा साफ केला. "ठीक आहे. मुद्दाम नव्हतं, मान्य. मग प्रश्न सोपा आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावू. आधी मोठा, मग छोटा. आणि यमुना, तुझ्या त्या मानापानामुळं जो गोंधळ झाला त्याची समज मी तुला लेखी देतो. पुढचं पुढं बघू."

म्हणजे दिवाळीचा प्रश्न होता तिथंच. उलट आता त्यावर कागदही चढणार होता.

तेवढ्यात मालतीताई आल्या. दुपारपर्यंत दोघी बरोबर असत. पर्स टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच देवऱ्यांनी विचारलं, "ताई, लाइट जाऊन परत आली की प्रिंटर कसे वागतात हो?"

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. यूपीएसवर फक्त संगणक होता. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत दोन्ही प्रिंटर बंद पडत आणि मग एकदम चालू होत. छोटा चपळ, तो आधी जागा होई. मोठ्याला वेळ लागे.

"कसे वागतात म्हणजे, वेड्यासारखे!" मालतीताई म्हणाल्या. "ह्याचं त्याच्यात, त्याचं ह्याच्यात. मी दोन्ही बंद करते, मोठा आधी लावते, मग छोटा. गुण येतो."

"साहेबांना कधी सांगितलं होतं?"

"त्यात सांगायचं काय? तो लाइटचा प्रॉब्लेम."

नेरकर मालतीताईंकडं बघत राहिले. मग खिडकीबाहेर. एकच बिघाड. एकीच्या हातून झाला तेव्हा तो लाइटचा होता, दुसरीच्या हातून झाला तेव्हा तो तिचा होता. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की गरज नाही.

देवरे स्टुलावरून उठले. ते नेहमी हळू बोलत, फोनवर लोकांना "जरा मोठ्यानं बोला" म्हणावं लागे. त्या दिवशी ते इतक्या मोठ्यानं बोलले की खिडकीशी रक्तासाठी उभी असलेली माणसंही बघायला लागली.

"नेरकर साहेब, समज द्यायची तर मला द्या. ही चूक माझी आहे. हे दोन्ही प्रिंटर मी बसवले. जुन्या सवयीनं नंबरावर बांधून ठेवले, आणि क्रम महत्त्वाचा आहे हे इथं कुणालाच सांगितलं नाही, कारण ते माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. ही मुलगी तिचं काम बरोबर करत होती. माझं काम मी अर्धवट केलं होतं."

"अहो, एवढं कशाला... कागद लावला की झालं."

"कागद लाइटला वाचता येत नाही साहेब. आणि प्रिंटर कुठल्या क्रमानं लावायचे हे माणसानं का लक्षात ठेवायचं? ते संगणकानं ठेवायचं. मला थोडा वेळ द्या."

ते कीबोर्डशी बसले. यूएसबीचा प्रिंटर जोडला गेला की नंबर घेतोच, पण त्याबरोबर स्वतःची ओळखही सांगतो. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं. रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला नंबराऐवजी त्या ओळखीनं पत्ता देता येतो. म्हणजे कितवा आलास ते न विचारता, तू कोण ते विचारायचं. देवऱ्यांनी दोन्ही रांगांचे पत्ते बदलले. चहा आला होता तो निवायच्या आत काम झालं. दुरुस्ती एवढीशीच होती. आमच्या धंद्यात बहुतेक दुरुस्त्या एवढ्याशाच असतात. तिथवर पोचायलाच सगळा वेळ जातो.

मग त्यांनी दोन्ही प्रिंटर बंद केले आणि बाजूला झाले. "यमुना, आता तू चालू कर. रोज करतेस तसं."

ती नेरकरांकडं बघू लागली. नेरकर खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"कर," ते म्हणाले. "उदबत्ती नको फक्त. ऑक्सिजनची नळकांडी आहेत बाजूच्या खोलीत."

"नाय सर, उदबत्ती नाय."

तिनं ओढणीच्या टोकाला बांधलेली कुंकवाची पुडी सोडली. छोट्या प्रिंटरला ठिपका लावला, हात टेकवून कपाळाला नेला आणि तो चालू केला. मग मोठ्याला. मालतीताई तोंडाला पदर लावून बघत होत्या, हसू लपवण्यासाठी नव्हे. मी लेबल दिलं. छोट्यातून लेबल आलं. अहवाल दिला. मोठ्यातून अहवाल आला. नेरकर उठले आणि स्वतःच्या हातानं दोन्ही बंद करून मोठा आधी लावून पाहिला. मग दोन्ही एकदम. मग भिंतीवरचं मुख्य बटणच बंद-चालू केलं. ते बँकेतले होते, सुखासुखी विश्वास ठेवणारे नव्हते. प्रत्येक वेळी लेबल छोट्यातून आलं आणि अहवाल मोठ्यातून.

शेवटचं लेबल त्यांनी उजेडात धरून वाचलं आणि यमुनेच्या हातात दिलं. "पुढच्या महिन्यापासून सकाळचं उघडणं तुझ्याकडं. दिवाळीनंतरही. मालतीताईंना लांबून यावं लागतं, त्यांना जरा उशिरा येऊ दे."

यमुनेनं लेबल घेतलं. खिडकीतून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अवो ताई, माझ्या पिशवीचं बघता का? लय वेळ झाला!" आणि ती "आले बाबा, आले" म्हणत तिकडं धावली.

ती तिथं कायम झाली. आज सगळा लेबलांचा विभाग तीच बघते. संस्थेनं पुढच्या वर्षी देखभालीचं काम आमच्याकडून काढून घेतलं. ज्यानं स्वतःच चूक कबूल केली आहे त्याला ठेवा असं विश्वस्तांना पटवणं नेरकरांनाही जमलं नसावं. फोन करून त्यांनी ते सांगितलं तेव्हा देवरे त्यांनाच धीर देत होते. पुष्कळ हुशार माणसं मी या धंद्यात पाहिली. बिघाड शोधणारी, डोळे मिटून मशीन जोडणारी. सापडलेला बिघाड कुणाच्या नावावर पडतो आहे तिकडं बघणारा मी एकच पाहिला. त्यांच्याकडून ते शिकता येईल असं मला वाटायचं. अजून पुरतं जमलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो आणि द्वारकेपर्यंत चालत आलो. मला राहवलं नाही. "देवरे, एवढं मोठ्यानं कशाला बोललात? नेरकरांच्या खोलीत जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. रस्त्यावरच्या लोकांनीसुद्धा ऐकलं."

ते म्हणाले, "खोलीत सांगितलं असतं तर साहेबांनी ऐकलं असतं, दाणीबाई. पोरीनं ऐकलं नसतं."

एवढं बोलून ते रस्ता ओलांडायला लागले. द्वारकेचा चौक, सगळीकडून गाड्या. त्यांना ते बरोबर साधायचं. मला कधीच साधलं नाही. मी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. मधून आग्रा रोडचे ट्रक एकामागून एक जायला लागले, आणि दोन ट्रकांच्या फटीतून मला दिसलं की ते पलीकडं पोचले आहेत आणि माझी वाट बघत उभे आहेत.